देखाव्याच्या आड आलेले गाव

इंग्लंडच्या ग्रामीण सौंदर्याचे गोडवे गाणारी जी सचित्र पुस्तके आणि दिनदर्शिका निघतात, त्यांत डॉर्सेट परगण्यातील मिल्टन ॲबस या खेड्याचे चित्र बहुधा असतेच. टेकड्यांच्या खोबणीतून उतरत गेलेला रुंद रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांस ठरावीक अंतरावर उभी असलेली पांढऱ्या भिंतींची, गवताने शाकारलेली जोडघरे आणि घरांपुढे कातरलेली हिरवळ, असे ते चित्र. पाहणाऱ्याला वाटावे, पिढ्यान्‌पिढ्यांच्या संथ, सुखवस्तू शेतकरी जीवनाची ही खूण आहे. वास्तविक ही घरे एकाच मापाने आणि एकाच माणसाच्या हुकमावरून बांधली गेली. जे गाव पाडून ती बांधली, ते तेथून जवळच होते. ते याहून मोठे होते, त्याला बाजार होता, शाळा होती, स्वतःचा असा इतिहास होता. एका उमरावाच्या खिडकीतून ते दिसत होते, एवढाच त्याचा अपराध.

त्या उमरावाचे नाव जोसेफ डेमर, पहिला लॉर्ड मिल्टन. इंग्लंडच्या राजकीय इतिहासात त्याला स्थान नाही. त्याने लढाई जिंकली नाही, एखाद्या मोठ्या कायद्याला नाव दिले नाही, मंत्रिपद भूषविले नाही. १७१८ साली तो जन्मला, जॉर्ज नावाच्या तीन राजांची कारकीर्द त्याने पाहिली, ऐंशीच्या उंबरठ्यावर १७९८ मध्ये तो मेला, आणि पुढल्या दहा वर्षांत त्याची पदवीही वारसाअभावी नष्ट झाली. तरीही कलेच्या इतिहासकारांनी त्याला विस्मरणात जाऊ दिलेले नाही. उद्यानरचनेच्या ग्रंथांत तो थोर कलावंतांचा आश्रयदाता म्हणून येतो. नगररचनेच्या ग्रंथांत इंग्लंडमधील आरंभीच्या नियोजित वसाहतींपैकी एकीचा कर्ता म्हणून येतो. हे दोन्ही मान त्याला भलत्याच खात्यावर मिळालेले आहेत. डेमरचे आयुष्य अभिरुचीच्या इतिहासात मोडत नाही. ते मालमत्तेच्या इतिहासात मोडते, आणि तेथेच ते वाचले पाहिजे.

या मालमत्तेचे मूळ सावकारीत होते. डेमरचा चुलत आजा, त्याचेही नाव जोसेफच, क्रॉमवेलच्या घोडदळात होता. पराभूत आयर्लंडमध्ये जमिनी मातीमोलाने मिळत होत्या त्या काळात तो तेथे गेला, टिपररी परगण्यात त्याने जमिनी घेतल्या आणि पुढे डब्लिन शहरात व्याजबट्ट्याचा धंदा करून अफाट पैसा साठविला. १७२० मध्ये हा म्हातारा अविवाहित मेला तेव्हा जोनाथन स्विफ्टसारख्या लेखकाला त्याच्यावर उपरोधिक विलापिका लिहिण्याचा मोह आवरला नाही. पुढे जवळपास दोनशे वर्षांनीही डेमरच्या सोन्याची आठवण आयर्लंडमध्ये इतकी ताजी होती, की लेडी ग्रेगरी यांनी त्या नावाचे प्रहसन लिहिले. सावकाराचे हे धन पुतण्याकडे आणि पुतण्याकडून त्याच्या मुलाकडे, म्हणजे आपल्या कथानायकाकडे आले. आयर्लंडच्या कुळांनी भरलेला खंड समुद्र ओलांडून डॉर्सेटमध्ये येत राहिला. ज्याने तो खंड खर्च केला त्याने इंग्लंडमध्ये राहून आयर्लंडच्या सरदारांत आपले नाव दाखल करून घेतले, हेही त्या व्यवस्थेला धरूनच झाले. १७५३ मध्ये त्याला मिळालेली पहिली पदवी टिपररीमधल्या श्रोनहिलच्या नावाने होती.

पैशाला कुळाची जोड हवी होती. १७४२ मध्ये ड्यूक ऑफ डॉर्सेटची कन्या लेडी कॅरोलाईन सॅकव्हिल हिच्याशी विवाह करून डेमरने तीही मिळविली. या सासुरवाडीची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. कॅरोलाईनचा भाऊ लॉर्ड जॉर्ज सॅकव्हिल याने १७५९ मध्ये मिंडेनच्या लढाईत घोडदळ पुढे नेण्याचा हुकूम वेळेवर पाळला नाही. लष्करी न्यायालयाने तो कोणत्याही हुद्द्यावर लष्करी सेवेस अपात्र असल्याचा निर्णय दिला. पंधरा-सोळा वर्षांनी हाच गृहस्थ जर्मेन हे नवे आडनाव धारण करून अमेरिकन वसाहतींचा मंत्री झाला आणि अमेरिकेतील युद्धाची सूत्रे त्याच्याकडे आली. साध्या शिपायाने रणांगणावर असे वर्तन केले असते तर त्याच्या वाट्याला काय आले असते, हे सांगण्याची गरज नाही.

डेमर स्वतः १७४१ पासून कॉमन्स सभेत बसत होता. वेमथ, ब्रॅम्बर आणि डॉर्चेस्टर या तीन मतदारसंघांचे प्रतिनिधित्व त्याने पाळीपाळीने केले. यांपैकी ब्रॅम्बर म्हणजे ससेक्समधले मूठभर मतदारांचे एक खेडे. त्या काळात सडके मतदारसंघ म्हणून जे कुप्रसिद्ध होते त्यांतले ते एक, आणि १८३२ च्या सुधारणा कायद्याने ते रद्द झाले. अशा सभागृहाला ब्रिटिश स्वातंत्र्याचे माहेरघर म्हणण्याची प्रथा आपल्याकडेही पुष्कळ वर्षे होती. १७६२ मध्ये तो ग्रेट ब्रिटनच्या सरदारांत गेला आणि १७९२ मध्ये अर्ल ऑफ डॉर्चेस्टर झाला. या चढत्या पदव्यांना त्याच्या हातून घडलेल्या कोणत्याही लोकसेवेचे कारण शोधून सापडत नाही.

१७५२ मध्ये त्याने मिल्टन ॲबीची जहागीर विकत घेतली. दहाव्या शतकात ॲथेल्स्टन राजाने येथे मठ स्थापला होता. १५३९ मध्ये आठव्या हेन्रीने देशभरातले मठ मोडले त्यात हाही मोडला, आणि पुढल्याच वर्षी सर जॉन ट्रेगॉनवेल या वकिलाने तो सारा प्रदेश एक हजार पौंडांना घेतला. राजाच्या घटस्फोटात आणि मठ मोडण्याच्या कामात या वकिलाने सेवा बजावली होती, हे त्या सौद्याचे रहस्य. मात्र मठ गेला तरी मठाच्या आश्रयाने वाढलेले गाव राहिले. मठाचे भव्य चर्च गावकऱ्यांचे पॅरिश चर्च झाले. मठाधिपती विल्यम मिडलटन याने १५२१ मध्ये स्थापिलेली व्याकरणशाळा चालू राहिली. मिडलटन या जुन्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गावात डेमर आला तेव्हा शंभरांहून अधिक घरे होती, आठवड्याचा बाजार होता, खाणावळी आणि मद्यालये होती, बिअर गाळण्याचा धंदा होता, निराधार वृद्धांसाठी आश्रयगृह होते. मार्केट स्ट्रीट, न्यूपोर्ट स्ट्रीट, हाय स्ट्रीट, डक स्ट्रीट अशा रस्त्यांच्या नावांवरूनच कळते, की ही नुसती मजुरांची वस्ती नव्हती. तेथे दुकानदार होते, कारागीर होते, मास्तर होते, वकील होते. त्यांची उपजीविका एकमेकांवर चालत होती, आणि म्हणून कोण्या एकाच्या मर्जीवर ती अवलंबून नव्हती.

ही वस्ती मठाच्या भिंतीला, म्हणजे आता लॉर्ड मिल्टनच्या घराला, अगदी खेटून होती. त्या काळच्या उमरावांत एक नवी कल्पना रुजली होती. त्यांच्या बापजाद्यांनी घरापुढे रेखीव वाफे आणि सरळ कुंपणे केली होती. नव्या पिढीला निसर्ग हवा होता. पण शेतकऱ्याचा घाम, शेण, धूर आणि आरडाओरड ज्यात नाही असा. खिडकीपासून क्षितिजापर्यंत हिरवळ पसरलेली असावी, मध्येच झाडांचा पुंजका, खाली वळणदार तळे, आणि या साऱ्यात माणसाचा हात कोठे दिसू नये. या कलेचा सम्राट लॅन्सलॉट ब्राऊन, ज्याला लोक ‘केपेबिलिटी’ ब्राऊन म्हणत, त्याला डेमरने १७६३ मध्ये बोलावले. ब्राऊन मोठा कलावंत होता यात शंका नाही. परंतु त्याच्या कलेचे पहिले साहित्य माती आणि पाणी नव्हते. पहिले साहित्य होते मोकळी जागा. जेथे ती नसे तेथे ती करून घ्यावी लागे.

असे करणारा डेमर एकटा नव्हता. सर रॉबर्ट वॉलपोलने हॉटनचे गाव हलविले होते, अर्ल हारकोर्टने १७६० च्या दशकात ऑक्सफर्डजवळचे न्यूनहॅम कोर्टनी हलविले. ऑलिव्हर गोल्डस्मिथने उजाड झालेल्या खेड्यावरचे आपले काव्य १७७० मध्ये प्रसिद्ध केले तेव्हा इंग्लंडच्या सुशिक्षितांनी ते मोठ्या हौसेने वाचले. मिल्टनमध्ये पाडापाडी नेटाने सुरू झाली ती त्याच सुमारास. पण ही सारी खेडी होती. बाजार असलेले गावच्या गाव पुसण्याचे धाडस डेमरने केले.

पुसण्याची पद्धत बारकाईने पाहिली पाहिजे, कारण सारा मुद्दा तेथेच आहे. रात्रीतून घोडेस्वार आले, आगी लावल्या, लोकांना हाकलले, असे काहीही येथे घडले नाही. डेमरला त्याची जरूर नव्हती. दक्षिण-पश्चिम इंग्लंडमध्ये घरे आणि शेते ‘तीन हयातींच्या’ पट्ट्याने देण्याची जुनी रीत होती. पट्टा करताना तीन व्यक्तींची नावे त्यात घातली जात, समजा स्वतः कूळ, त्याची बायको आणि मुलगा. या तिघांपैकी एक जरी जिवंत असेल तोवर घर त्या कुटुंबाचे. एखादा मेला की मालकाला नजराणा देऊन त्याच्या जागी नवे नाव घालून घ्यायचे, आणि असा पट्टा पिढ्यान्‌पिढ्या चालत राही. रीत म्हणून कुटुंबे त्यावर विसंबली होती. पण रीत म्हणजे हक्क नव्हे. नवे नाव घालून घ्यावयाचे की नाही, हे सर्वस्वी मालकाच्या इच्छेवर होते. डेमरने एवढेच केले, की नवी नावे घालण्याचे थांबविले. जो पट्टा पैशाने मिळाला तो त्याने विकत घेतला. जो मिळाला नाही त्यातली शेवटची हयात संपण्याची त्याने वाट पाहिली. मग ते घर पाडायचे, त्या जागेवर माती ओढायची आणि गवत पेरायचे.

हे काम वीस वर्षे चालले. या वीस वर्षांत त्या गावातले जगणे कसे असेल, याची कल्पना करून पाहावी. कोणाचा ताप उतरला नाही, कोणी बाळंतपणात गेली, कोणाचा मुलगा समुद्रावर बुडाला, ही त्या घरातली दुःखे होती. पण मोठ्या घरातल्या कारकुनाच्या वहीत तीच हिशेबाची नोंद होती. प्रत्येक तिरडीबरोबर एक भिंत पडत होती. शेजारचे घर गेले की आपल्या दुकानाचे एक गिऱ्हाईक गेले, आणि गिऱ्हाइके गेली की पट्टा शिल्लक असूनही दुकान चालेना, मग मिळेल त्या किमतीला पट्टा विकून उठायचे. बाजार कोणी बंद केला नाही, तो आटला. ज्या हिंसेत कोणाचा हात वर होत नाही आणि कोणत्याही न्यायाधीशापुढे जिचा जाब द्यावा लागत नाही, ती हिंसा नव्हे असे मानण्याची सवय मालमत्तेच्या कायद्याने माणसाला लावली आहे.

एका माणसाने मात्र उठण्याचे नाकारले. विल्यम हॅरिसन हा गावातला वकील. पट्टा म्हणजे काय, हे तो जाणत होता आणि तो सोडण्यास तयार नव्हता. त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी हकीकत अशी, की लॉर्ड मिल्टनने तळ्याचे दरवाजे उघडून हॅरिसनच्या घरात पाणी सोडले. हॅरिसनने फिर्याद केली आणि जिंकली.  पुढे चर्चच्या घंटा घणघणू लागल्या तेव्हा आपल्या पराभवाचाच हा उत्सव चालला आहे अशी लॉर्डसाहेबांची समजूत झाली. वास्तविक ती नोव्हेंबरची पाच तारीख होती, आणि पार्लमेंट उडविण्याचा कट फसल्याचा तो वार्षिक घंटानाद होता. ही हकीकत आजवर हसत हसत सांगितली जाते. इंग्लंडमध्ये कायद्यापुढे लॉर्ड आणि वकील सारखेच, असे तात्पर्यही तिला जोडता येते.

पण या हकिकतीशेजारी दुसरी एक वस्तुस्थिती ठेवून पाहावी. १७२३ मध्ये पार्लमेंटने जो ‘ब्लॅक ॲक्ट’ मंजूर केला होता, त्यात डझनावारी अपराधांना देहान्त शासन होते. रात्री हरणे मारण्यासाठी तोंडाला काळे फासून जंगलात शिरणे हा त्यांपैकी एक. दुसऱ्याच्या मासळीच्या तळ्याचा बांध द्वेषबुद्धीने फोडून मासळी नष्ट करणे हाही त्यांपैकी एक. हा कायदा त्यातील बहुतेक कलमांनिशी १८२३ पर्यंत जिवंत होता. समाजवादी इतिहासकार ई. पी. टॉम्पसन यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या कायद्याची चिरफाड केली आहे, ती कोणीही वाचावी. मिल्टनच्या एखाद्या मजुराने लॉर्डसाहेबांच्या तळ्याचा बांध फोडला असता तर त्याच्यासाठी फाशीची तरतूद होती. लॉर्डसाहेबांनी तळे माणसाच्या घरात सोडले तेव्हा ते दिवाणी प्रकरण झाले. हॅरिसन जिंकला हे खरे. पण तो जिंकला तो वकील होता म्हणून, आणि त्याच्यापाशी लिहिलेला कागद होता म्हणून. त्याच्या विजयाने शेजारचे एकही घर वाचले नाही. कायद्याने एका माणसाला न्याय दिला आणि त्याच कायद्याने उरलेले सारे गाव त्याच्या भोवतालून काढून घेतले, या दोन गोष्टींत त्या काळच्या विधिज्ञांना विसंगती दिसली नाही.

शाळेचा अडथळा वेगळ्या रीतीने दूर झाला. व्याकरणशाळेची पोरे लॉर्डसाहेबांच्या बागेतली फळे पळवीत, त्यांच्या धुराड्यात दगड टाकीत, अशा तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत. पुढे नेल्सनच्या जहाजाचा कप्तान म्हणून जगप्रसिद्ध झालेला टॉमस हार्डी याच शाळेत होता, तेव्हा पोरे अगदीच वाया गेलेली नसावीत. पण शाळा ही धर्मादाय संस्था, तिला हयातींचा पट्टा लागू नव्हता. संस्थेला मरण नसते. म्हणून १७८५ मध्ये खास पार्लमेंटचा कायदा करून अडीचशे वर्षांची ती शाळा ब्लँडफर्ड येथे हलविण्यात आली. सरदारांच्या सभेत बसणाऱ्याला हे कठीण नव्हते. चर्चही गेले. गावाचे चर्च लॉर्डाचे खाजगी प्रार्थनास्थान झाले आणि त्याच्या सभोवारच्या दफनभूमीतले दगड काढून ती सपाट करण्यात आली. मेलेल्यांनीही देखाव्याच्या आड येऊ नये, हा न्याय शेवटपर्यंत पाळला गेला असे म्हटले पाहिजे.

आता नव्या गावाविषयी. डेमरच्या कैवाऱ्यांचा सारा भर येथे असतो. त्याने लोकांना उघड्यावर टाकले नाही, स्वखर्चाने नवी, नेटकी घरे दिली, असे ते म्हणतात. ब्राऊनकडून आणि सर विल्यम चेंबर्सकडून गावाचे आराखडे करविले. १७८० च्या सुमारास वस्ती उभी राहिली. आश्रयगृहाची जुनी इमारत तेथे नेऊन बसविली. जेम्स वायटच्या आराखड्यावरून १७८६ मध्ये नवे चर्च बांधले. हे सारे खरे आहे. घरे होती छत्तीस, एकेका घरात दोन कुटुंबे, मातीत पेंढा कालवून रचलेल्या भिंती. जुन्या गावातल्या किती घरांत याहून बरी सोय होती, हा प्रश्न विचारता येईल आणि त्याचे उत्तर काही बाबतींत डेमरच्या बाजूने जाईल, हेही मान्य करावे.

परंतु घर म्हणजे केवळ भिंती आणि छप्पर असते, तर हा वाद उरला नसता. जुन्या गावातल्या कुटुंबापाशी पट्टा होता. म्हणजे तीन माणसे जगतील तोवर कोणाचीही मर्जी न राखता जगण्याची सोय होती. नव्या घरात ते आले ते लॉर्डाचे भाडेकरू म्हणून. बाजार नाही, धंदे नाहीत, दुकानांची ती वर्दळ नाही. काम मागायचे ते घराच्या मालकाकडे, आणि काम गेले तर घरही जाणार. बाजारपेठेच्या गावातले स्वतंत्र रहिवासी एका उद्यानाच्या मागील बाजूस राखून ठेवलेले मजूर झाले. एकासारखे एक असे जे घर तेथे दिसते, ज्याच्या प्रमाणबद्धतेचे कौतुक होते, ती प्रमाणबद्धता याच गोष्टीची साक्ष आहे. माणसे स्वतःची घरे स्वतः बांधतात तेव्हा ती अशी रांगेत उभी राहत नाहीत.

ज्यांनी डेमरसाठी काम केले त्यांचेही त्याच्याविषयी मत चांगले नव्हते. चेंबर्स राजाचा स्थापत्यकार, लंडनच्या सॉमरसेट हाऊसचा कर्ता. त्यानेही आपल्या पत्रात या सरदाराच्या उर्मटपणाविषयी आणि तो सगळ्यांनाच वाईट वागवतो याविषयी तक्रार केली आहे. चेंबर्सची मिल्टनमधली कामगिरी अर्धवट राहिली, ती वायटकडे गेली.

घरातही सुख नव्हते. डेमरला तीन मुलगे होते, आणि बापाच्या मरणाची वाट पाहत कर्ज काढणे हा तिघांचा उद्योग होता. थोरला जॉन दिवसातून अनेकदा पोशाख बदलण्यासाठी प्रसिद्ध होता. १७७६ मध्ये तिघा भावांच्या डोक्यावर मिळून सत्तर हजार पौंडांचे कर्ज झाले. बापाने ते फेडण्याचे नाकारले, आणि ऑगस्ट महिन्यात एका रात्री कॉव्हेंट गार्डनमधल्या बेडफर्ड आर्म्स या मद्यालयात जॉनने स्वतःवर गोळी झाडून घेतली. सत्तर हजार पौंड. याच डॉर्सेटमध्ये त्यानंतर पन्नासाहून अधिक वर्षांनी शेतमजुराला आठवड्याला सात शिलिंग मिळत होते, म्हणजे वर्षाला अठरा पौंडांच्या आसपास. हॉरेस वॉलपोलच्या पत्रांवरून दिसते, की विधवा सुनेने दागिने विकून नवऱ्याचे कर्ज फेडावे, असा लॉर्ड मिल्टनचा आग्रह होता. गावाशी जो व्यवहार झाला तोच घरात झाला. भावना बाजूला ठेवून हिशेब.

ही सून, ॲन सीमोर डेमर, या कुटुंबातील एकमेव व्यक्ती, जिच्याविषयी आदराने लिहिता येते. स्त्रीने छिन्नी हातात धरणे हास्यास्पद मानले जाण्याच्या काळात ती शिल्पकार झाली. हेन्लीच्या पुलावरचे थेम्स आणि आयसिस या नद्यांचे मुखवटे तिचे आहेत. नेल्सनचा अर्धपुतळाही तिने घडविला, आणि त्याची एक प्रत १८२६ मध्ये तिने तंजावरच्या राजाकडे पाठविली. हा राजा म्हणजे मराठी वाचकांना सरस्वती महाल ग्रंथालयामुळे परिचित असलेले सरफोजी भोसले. राज्याचा कारभार १७९९ च्या तहाने कंपनीच्या हाती गेलेला होता आणि राजापाशी विद्याव्यासंग तेवढा उरला होता. इंग्रजांच्या आरमारी विजयाची प्रतिमा त्याला भेट म्हणून यावी, यात पाठविणारीचा हेतू निर्मळ असला तरी योगायोग बोलका आहे. आणखीही एक गोष्ट. डेमर अर्ल झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १७९३ मध्ये, त्याच्याच वर्गातल्या लॉर्ड कॉर्नवॉलिसने बंगालमध्ये कायमधारा लागू केला आणि सारावसुली करणाऱ्या जमीनदारांना जमिनीचे मालक ठरविले. जमिनीवर कोणीतरी एक मालक असतोच आणि बाकीचे सारे त्याच्या मर्जीचे, ही समजूत इंग्लंडच्या अशाच बागांतून आशियात आली.

कॅरोलाईन १७७५ मध्ये वारली. तिच्यासाठी मठाच्या चर्चमध्ये जे संगमरवरी स्मारक आहे, त्याचा आराखडा रॉबर्ट ॲडमचा आणि शिल्प ॲगोस्तिनो कार्लिनीचे. पत्नी निजलेली आहे आणि पती कोपरावर रेलून तिच्याकडे पाहत आहे. शिल्प सुंदर आहे, आणि त्यातले दुःखही खोटे असेल असे मानण्याचे कारण नाही. ज्या माणसाने गावातल्या प्रत्येक मृत्यूची वाट पाहिली, त्याला स्वतःच्या घरातला मृत्यू झोंबला, एवढेच त्यावरून दिसते. वर्गस्वार्थ माणसाला प्रेमशून्य करीत नाही. प्रेम कोणापर्यंत पोचावे, याची हद्द तो आखून देतो.

१८०८ मध्ये दुसरा अर्ल मेला आणि पदवी संपली. १८५२ मध्ये जहागीर हॅम्ब्रो या डॅनिश पेढीवाल्याने विकत घेतली. सावकाराच्या पैशाने सुरू झालेली गोष्ट दुसऱ्या सावकाराच्या पैशात विलीन झाली. १९५४ मध्ये त्या प्रासादात श्रीमंतांच्या मुलांसाठी खाजगी निवासी शाळा उघडली. ज्या आवारातून गावच्या पोरांची शाळा पार्लमेंटच्या कायद्याने घालवली होती त्याच आवारात.

डेमरचे कृत्य एका लहरी माणसाचे म्हणून सोडून देता आले असते, जर ते एकाकी असते. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने गायराने आणि मोकळी शेते कुंपणात घालणारे पाच हजार दोनशेहून अधिक कायदे केले आणि सुमारे अडुसष्ट लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडच्या एकूण भूमीचा पाचवा हिस्सा, त्यांखाली आली. डेमरने देखाव्यासाठी केले ते इतरांनी गव्हासाठी आणि मेंढ्यांसाठी केले. परिणाम तोच, जमिनीवर ज्याचा काहीएक दावा आहे असा माणूस नाहीसा होऊन जमिनीवर राबणारा मजूर तेवढा उरला.

तो मजूर पुढे काय करू लागला, हे पाहण्यासाठी मिल्टन ॲबसपासून फार दूर जावे लागत नाही. दहा मैलांच्या आतच टॉलपडल आहे. तेथील शेतमजुरांचा आठवड्याचा पगार नऊ शिलिंगांवरून आठ, आठांवरून सात असा उतरत गेला आणि सहावर आणण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा जॉर्ज लव्हलेस आणि त्याचे सोबती यांनी १८३३ मध्ये मजुरांची संघटना बांधली. संघटना बांधणे तेव्हा बेकायदा नव्हते. म्हणून शपथ घेतल्याच्या आरोपाखाली, आरमारातील बंडांनंतर १७९७ मध्ये, म्हणजे डेमर जिवंत असताना, झालेल्या एका कायद्याचा आधार घेऊन सहा जणांना मार्च १८३४ मध्ये डॉर्चेस्टर येथे सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि त्यांना ऑस्ट्रेलियाला पाठविण्यात आले. देशभर चळवळ उठली, १८३६ मध्ये त्यांना माफी द्यावी लागली. परतलेल्यांपैकी पाच जण पुढे कॅनडात निघून गेले. जेम्स हॅमेट तेवढा टॉलपडलमध्ये राहिला, इमारतींच्या कामावर मजुरी करीत म्हातारा झाला, आणि १८९१ मध्ये डॉर्चेस्टरच्या दरिद्री-निवासात मेला. त्याच्या थडग्यावर नाव कोरलेला दगड बसला तो १९३४ मध्ये, आणि तो कामगार संघटनांनी बसविला.